फ्रेंच शिकले, म्हणून फ्रान्सला गेलेच पाहिजे का?

पत्राचा सारांश: बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी, वीस वर्षांची एक विद्यार्थिनी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि तिचा मुख्य विषय फ्रेंच आहे. लेखी परीक्षेत तिला उत्तम गुण मिळतात, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही, अशी तिची तक्रार आहे. भाषा त्या देशात राहिल्याशिवाय येत नाही, अशी तिची समजूत आहे. अलकापुरीतल्या एका परदेशी शिक्षण सल्लागाराने तिला पदवीनंतर फ्रान्समधल्या एका खासगी संस्थेतला व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुचवला असून त्याचे शुल्क वर्षाला १२,००० युरो आहे. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस असलेले वडील त्यासाठी मांजलपूरचा फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत. आई म्हणते, बी.एड. करून इथल्याच शाळेत लाग. माँट्रियलचे मामा म्हणतात, फ्रेंच येतेच आहे तर कॅनडाला ये. आजीने एवढेच विचारले, “तिकडे तुझ्याशी बोलायला कोण?” पत्राच्या शेवटी ती लिहिते: “गेले नाही तर ही तीन वर्षे वाया जातील, आणि गेले व जमले नाही म्हणून परत आले तर लोक काय म्हणतील? ताई, मी काय करू?”

तुला पहिल्याच पत्रात ‘तू’ म्हणते आहे. फ्रेंचमध्ये लिहिले असते तर बराच काळ ‘व्हू’वर, म्हणजे ‘तुम्ही’वर, थांबावे लागले असते, पण मराठीत वयाने मोठ्या बाईला ही सवलत आहे आणि मी ती घेते.

तुझ्या पत्राबरोबर सल्लागाराचे माहितीपत्रक होते, ते मी दोनदा वाचले. त्याच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे: शिकवण्याचे माध्यम इंग्रजी. तुला फ्रान्सला जायचे आहे ते बोलता येत नाही म्हणून, आणि ज्या अभ्यासक्रमासाठी राहते घर तारण पडणार आहे तो मात्र इंग्रजीत शिकवला जाणार आहे. वर्गात सोबतीला बहुधा भारतातून आणि इतर देशांतून आलेली मुले असतील आणि तीही आपापसांत इंग्रजीच बोलतील. घरात इतक्या जणांनी इतकी मते दिली, पण ही विसंगती कोणाच्याच लक्षात आली नाही, याचे मला जरा नवल वाटले. ‘फ्रान्स’ हा एकच शब्द सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि बाकीचा मजकूर त्याच्या मागे झाकला गेला, असे झाले असावे.

आता तुझ्या समजुतीकडे येते. त्या देशात राहिल्याशिवाय भाषा येत नाही, असे तू लिहितेस, आणि त्याच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली आहे की राहिले म्हणजे येतेच. मी स्वतः बावीस वर्षांपूर्वी एक शैक्षणिक वर्ष तूरमध्ये काढले (ल्वार नदीकाठचे शहर, आपली तूरडाळ नव्हे), म्हणून दुसऱ्या समजुतीबद्दल जरा अधिकाराने बोलू शकते. माझ्याबरोबर तीन भारतीय मुली राहत होत्या. आम्ही रोज संध्याकाळी खिचडी लावत होतो, हिंदीत गप्पा मारत होतो आणि आठवड्यातून एकदा घरी फोन करत होतो. पहिल्या चार महिन्यांत मी व्याख्यानांच्या टिपणांखेरीज जे फ्रेंच वापरले ते बव्हंशी पावाच्या दुकानात, आणि तिथेही ‘अँ बागेत’ (एक बागेत, म्हणजे लांबट पाव) म्हटले की काउंटरमागची बाई पाव कागदात गुंडाळता गुंडाळता मान वर न करता ‘यून’ म्हणून दुरुस्त करत असे, कारण हा पाव फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. तीन लिंगे लहानपणापासून सांभाळणाऱ्या मराठी मुलीला दोन लिंगे जड जावीत, याची मला मनापासून लाज वाटत होती.

भाषा सुटली ती जानेवारीत, वर्गाबाहेर. जुने कपडे आणि फर्निचर विकून गरजूंना मदत करणाऱ्या एका मंडळाच्या दुकानात मी शनिवारी सकाळी फुकट काम करू लागले. एका म्हाताऱ्या बाईंना कपाट घरपोच हवे होते. त्यांनी फोन नंबर सांगितला, तो फ्रेंच रीतीने दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी, आणि त्यात ‘कात्र-वँ-दी-सेत’ आले. म्हणजे ९७, पण शब्दशः चार वेळा वीस आणि वर सतरा. मी भराभर ४, मग २०, मग १७ असे लिहीत गेले आणि नंबर कागदाबाहेर चालला. बाई हसल्या, मी घाबरले, आणि तेवढ्यात मला माझी आजी आठवली, जी आंबे मोजताना ‘तीन विसा नि दहा’ म्हणत असे. ही तर आजीचीच मोजणी! त्या दिवसानंतर सत्तरपासून नव्व्याण्णवपर्यंत मी कधी चुकले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या दुकानात माझ्या फ्रेंचवाचून कोणाचे तरी कपाट अडत होते. वर्गात माझ्यावाचून कोणाचेच काही अडत नव्हते.

कोणाचे तरी काम आपल्या बोलण्यावर अडले पाहिजे, मग भाषा येते. हे तुला खरे तर माझ्याआधी ठाऊक असायला हवे. तुझ्या घरी मराठी बोलतात, खंडेराव मार्केटमध्ये भाजी गुजरातीत घेतात, आणि शिपायापासून शेजारपाजारपर्यंत सगळ्यांशी तू ज्या सहजतेने भाषा बदलत असशील त्याची तुला जाणीवही नसेल. तुझी पणजी गुजराती कोणत्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी शिकली नव्हती. भाव कमी करून घ्यायचा होता म्हणून शिकली. बडोद्याचा मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भाषेत राहत आला आहे आणि स्वतःची भाषाही त्याने टाकलेली नाही. परदेशी राहण्यात जी गोष्ट बहुतेकांना नवी आणि भीतीची वाटते, तिचा सराव तुला घरबसल्या झालेला आहे, आणि पत्रात तू ती जमेच्या बाजूला कुठेच धरलेली नाहीस.

पहिल्या समजुतीबद्दल, म्हणजे त्या देशात राहिल्याशिवाय भाषा येत नाही याबद्दल, थोडेच सांगते. १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत आलेले अरविंद घोष बडोदे कॉलेजात काही काळ फ्रेंच शिकवत असत, ज्या घुमटाच्या इमारतीत आज विद्यापीठाची कला शाखा भरते तिथेच. त्यांचे फ्रेंच इंग्लंडमध्ये शिकत असताना कमावलेले होते, म्हणजे ते फ्रान्सच्या बाहेरच आले होते. पुढे १९१० मध्ये ते पाँडिचेरीला, फ्रेंच राज्यात, जाऊन राहिले ही निराळी गोष्ट. देशाबाहेर राहून भाषा येऊ शकते, मात्र तिला पुरेसे तास द्यावे लागतात. भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय चौकटीतली (ए-१ ते सी-२) बी-२ पातळी गाठायला साधारणपणे साडेपाचशे ते साडेसहाशे तास लागतात, असे फ्रेंच शिकवणारे सांगतात. आठवड्याला चार तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर तीन वर्षांत तुझ्या वर्गाचे ३६० तास होतात. तुझे तोंड उघडत नाही याचे निम्मे कारण या वजाबाकीत आहे, तुझ्या स्वभावात नाही. राहिलेले तास बडोद्यातच भरून काढता येतात: आर.एफ.आय. या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधले बातमीपत्र रोज ऐकून मोठ्याने परत सांगायचे, आणि वर्गातल्या दोन मुलींशी करार करायचा की सूरसागर तलावाला चक्कर पूर्ण होईपर्यंत तिघींपैकी कोणी दुसरी भाषा बोलायची नाही. पहिले दोन आठवडे तुम्ही तिघी फक्त हसाल. ते हसणे संपेपर्यंत थांबू नका.

‘वाया जातील’ हा तुझ्या पत्रातला मला सर्वांत खटकलेला शब्द आहे. त्यामागे असा हिशेब दिसतो की फ्रेंचची किंमत विमानाच्या तिकिटाने वसूल होते. खरे पाहता नुसत्या भाषेला बाजारात फार भाव नाही, ना इथे ना तिथे. फ्रान्समध्ये तर ती रस्त्यावरच्या प्रत्येकाला येते. भाव येतो तो भाषेला दुसऱ्या एखाद्या कौशल्याची जोड मिळाली म्हणजे: अध्यापन, भाषांतर, लेखा, निर्यातीची कागदपत्रे, पर्यटन, तांत्रिक लेखन. बडोद्यात फ्रेंच कंपन्या नाहीत असे नाही. सावली आणि माणेजा इथे आल्स्टॉमचे रेल्वे डब्यांचे आणि यंत्रणेचे कारखाने आहेत, श्नायडर इलेक्ट्रिकचाही कारखाना शहराजवळ आहे. पण फ्रेंच कंपनीचा कारखाना म्हणजे फ्रेंच भाषेची नोकरी अशी गल्लत करू नकोस, कारण कारखान्याच्या आवारात गुजराती, हिंदी आणि इंग्रजीच चालते. एखादे पत्र, एखादी पुस्तिका, एखादे पाहुणे मंडळ आले म्हणजे फ्रेंच येणारा माणूस शोधला जातो, आणि त्या वेळी त्याला ताळेबंद किंवा यंत्राचे नकाशेही वाचता येत असतील तर तो परत परत बोलावला जातो. मी स्वतः तांत्रिक भाषांतर करते ते अशाच वाटेने. तुझे वडील हिशेबनीस आहेत. त्यांच्याकडून एका उन्हाळ्यात लेखापालनाची मूळ तत्त्वे शिकून घेतलीस तर तुझ्या फ्रेंचचे मोल किती वाढेल, याचा विचार अलकापुरीतल्या त्या सल्लागाराने केलेला नाही.

आता तुझ्यासमोरच्या वाटा पाहू. त्या मी सारख्याच तपशिलाने तपासणार नाही, कारण त्या सारख्या वजनाच्या नाहीत.

खासगी संस्थेचा हिशेब आधी उरकते. शुल्क १२,००० युरो आणि राहण्याखाण्याला पॅरिसबाहेर महिना ७५० युरो धरले, तर वर्षाला २१,००० युरो होतात; युरो शंभर रुपयांचा मानला तर दोन वर्षांचे बेचाळीस लाख. याउलट सरकारी विद्यापीठांत २०१९ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी शुल्क वाढले तेव्हाही ते पदवीला वर्षाला २,७७० आणि मास्टरला ३,७७० युरो होते. त्यानंतर ते थोडे थोडे वाढत गेले आहे, तरी अजून खासगी संस्थांच्या आसपासही नाही. मग सल्लागार सरकारी विद्यापीठाचे नाव का काढत नाही? खासगी संस्था विद्यार्थी आणून देणाऱ्यांना दलाली देतात आणि सरकारी विद्यापीठे सहसा देत नाहीत, एवढे ध्यानात घेतले की पुरे. शिवाय एक प्रश्न विचारायचा राहिला आहे: त्या पदविकेला फ्रेंच शासनाची ‘ग्राद द मास्तेर’, म्हणजे मास्टरच्या दर्जाची, मान्यता आहे का? व्यावसायिक पदव्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असणे आणि ही मान्यता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकात पहिलीचा ठळक उल्लेख आहे, दुसरीचा एका शब्दानेही नाही.

सरकारी विद्यापीठात मास्टर करण्याची वाट चांगली आहे, पण ती बहुतांशी फ्रेंचमधून आहे आणि तिथे किमान बी-२, भाषा-साहित्याच्या विषयांत अनेकदा सी-१ लागते. अर्ज ‘एत्युद आँ फ्राँस’ या सरकारी संकेतस्थळावरूनच करायचा असतो, त्यासाठी कोणाही मध्यस्थाची गरज नसते, आणि मग काँप्युस फ्राँस या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेची मुलाखत होते. त्या मुलाखतीत ‘मला फ्रान्स आवडते’ या उत्तराला काडीची किंमत नसते, मीच ते देऊन पाहिलेले आहे. व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरो हाताशी असल्याचा पुरावा लागतो, आणि दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा तिथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत संकेतस्थळावर नोंदवावा लागतो. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास नोकरीची मुभा आहे. पण त्या कमाईच्या भरवशावर घरचा हिशेब मांडू नका, पहिल्या वर्षी तर मुळीच नको. फ्रेंच दूतावासाच्या शार्पाक शिष्यवृत्तीसाठी मात्र अवश्य अर्ज कर. २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट फ्रान्सने जाहीर केलेले आहे, तेव्हा स्वागताच्या जाहिराती भरपूर दिसतील. जागा मिळणे आणि पुढे काम मिळणे यांतले अंतर त्या जाहिराती सांगत नाहीत.

मला तुझ्यासाठी सर्वांत योग्य वाटते ती वाट तुझ्या पत्रात नाहीच. फ्रान्समधल्या शाळांमध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना साहाय्य करण्यासाठी परदेशी पदवीधर तरुण घेतले जातात, आणि या भाषा-साहाय्यकांमध्ये भारतीयांनाही घेतात. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला बारा तास काम, आणि काटकसरीने भागेल एवढा पगार. फ्रेंच बी-१च्या आसपास असले की अर्ज करता येतो. घर तारण ठेवावे लागत नाही. गाव बहुधा लहान असते, तिथे दुसरा भारतीय माणूस असेलच असे नाही, आणि याच कारणाने अनेकजण नको म्हणतात. मी मात्र याच कारणाने हो म्हणते. तेरा-चौदा वर्षांची तीस मुले समोर बसलेली असताना, आणि त्यांच्या बाईंनी ‘आता तुम्ही बघा’ म्हणून खडू हातात दिलेला असताना, तोंड उघडल्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय या सात महिन्यांत तुला आणखी एक गोष्ट कळेल, जिच्यावर तुझी पुढची वाट अवलंबून आहे: तुला शिकवायला आवडते की नाही. आवडले, तर आईने सुचवलेल्या बी.एड.ला अर्थ येतो, कारण बडोद्यातल्या अनेक शाळांत फ्रेंच हा विषय आहे आणि तो नीट बोलून शिकवणारे थोडे आहेत. आवडले नाही, तर दोन वर्षे बी.एड.मध्ये घालवण्याआधीच ते कळलेले बरे.

मामांच्या कॅनडाबद्दल थोडक्यात. फ्रेंच येणाऱ्यांना तिथल्या स्थलांतराच्या गुणांकनात फायदा होतो हे खरे आहे, आणि २०२३ पासून फ्रेंच भाषिकांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्याही होऊ लागल्या. पण तो कायमचे स्थलांतर करण्याचा निर्णय आहे, शिक्षणाचा नव्हे. विसाव्या वर्षी तो निर्णय मामांच्या सांगण्यावरून घेऊ नये.

‘परत आले तर लोक काय म्हणतील’ याला उत्तर द्यायचे माझ्या मनात नव्हते, पण तू तो प्रश्न शेवटी ठेवलास म्हणजे तोच सर्वांत जड असावा. याच शहराच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची ही त्या शिष्यवृत्तीची अटच होती. शिकायला जाणारा माणूस परत येणार हे तेव्हा गृहीत होते. परतण्याला अपयश मानण्याची रीत अलीकडची आहे. १९१७ मध्ये ते परतले तेव्हा जातीमुळे त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत बडोदे सोडावे लागले. उणे पडले ते शहर. तुझी गोष्ट त्यापुढे अगदीच साधी आहे: सात महिन्यांचा करार संपवून एप्रिलअखेर घरी आलेल्या मुलीला कोणी ‘का परत आलीस’ विचारले, तर ‘मुदत संपली’ हे पूर्ण उत्तर आहे.

तिथे राहिल्याने माणूस बदलतो का, हे तू थेट विचारलेले नाहीस, तरी सांगते. बदलतो, पण ज्या दिशेने वाटते त्या दिशेने नव्हे. मी फ्रेंच होऊन येईन अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात मी रविवारी बंद दुकानांच्या रस्त्यावरून एकटीने फिरायला आणि सरकारी कचेरीत तिसऱ्या वेळी तोच अर्ज न चिडता भरायला शिकून आले. नोव्हेंबरात पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, तेव्हा बहुतेकांचा धीर सुटतो. तो पडता काळ दोन-तीन महिन्यांचा असतो हे आधी माहीत असले तर माणूस त्याला स्वतःचा नाकर्तेपणा समजत नाही.

म्हणून तुझ्या घरातल्या सगळ्या बोलण्यांत मला आजीचा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिने तो काळजीने विचारला असेल, पण तोच तुझा अभ्यासाचा प्रश्न आहे. एक कागद घे आणि लिही की पहिल्या महिन्यात तू कोणाकोणाशी, कोणत्या निमित्ताने, फ्रेंचमध्येच बोलशील: शाळा, गायनाचे मंडळ, ग्रंथालय, शनिवारचे दुकान, जे सुचेल ते. तो कागद आजीला मराठीत वाचून दाखव. तिला पटला तर वडिलांनाही पटेल. यंदा बी-१ची आणि पुढच्या वर्षी बी-२ची डेल्फ ही फ्रेंच भाषेची प्रमाणपत्र परीक्षा अहमदाबादच्या आलियाँस फ्राँसेज या भाषाकेंद्रात दे. ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, त्यामुळे जाणे लांबले तरी ते कालबाह्य होणार नाही. साहाय्यकपदाचा अर्ज तिसऱ्या वर्षात कर, आणि मास्टरचा विचार ते सात महिने संपल्यावर. तोवर सल्लागाराने या महिनाअखेरीस मागितलेली नोंदणीची रक्कम भरू नकोस, आणि फ्लॅटची कागदपत्रे वडिलांच्या कपाटातच राहू दे.